बदकं, बाबर आणि फोडणीची भिंत

आमच्या नव्या घरात ओट्यामागची भिंत 28 चौरस फूट आहे. ओट्याची लांबी दोन्ही बाजू धरून 14 फूट, आणि त्याच्या वर 2 फूट टाइल. एवढ्या जागेवर कोणती टाइल लावायची हे ठरवायला आम्हाला 41 दिवस लागले. हा आकडा माझा नाही, मिस्त्रीचा आहे. त्यानं तो हजेरीच्या वहीत लिहून ठेवला होता आणि हिशेबाच्या दिवशी काढून दाखवला.

माझी बाजू एवढीच, की ग्वाल्हेरच्या माणसाला टाइलच्या बाबतीत घाई शोभत नाही. आमच्या डोक्यावर किल्ला आहे, आणि किल्ल्यावर मानमंदिर. राजा मानसिंह तोमर 1486 ते 1516 अशी तीस वर्षं गादीवर होता. त्यानं महालाच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या टाइल्स बसवल्या. त्यांत हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडं आहेत, आणि पिवळ्याधमक बदकांची एक लांबलचक ओळ आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, डिसेंबरात दात वाजतात. अशी पाचशे वर्षं काढूनही त्यातला निळा रंग अजून निळाच आहे. आता राजाला बदकं आपणहून सुचतील, हे मला पटत नाही. राजाला हत्ती सुचतो, फार तर मगर. बदकं ही घरातल्या कुणाच्या तरी हट्टाशिवाय भिंतीवर चढत नाहीत.

आमचं घर लष्कर भागात, जयेंद्रगंजातल्या एका गल्लीत. लष्कर हा मुळात तळ. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास छावणी टाकली, ती पुन्हा उठली नाही. तंबूंची घरं झाली, सरदारांच्या तळांच्या गोठी झाल्या, आणि निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ अशी नावं हिंदीच्या 'की'सकट आम्हाला चिकटली. आमच्या पूर्वजांनी तंबूतून घरात येताना रंगाचा विचार केला असेल असं वाटत नाही. जुन्या घराला दगडी पटियांचं छत होतं. स्वयंपाकघराच्या भिंती खाली छातीइतक्या उंचीपर्यंत बाटलीच्या हिरव्या ऑइल पेंटच्या, वर चुन्याच्या. चुलीमागचा भाग काळा, पण तो रंग नव्हे, ते तीन पिढ्यांचं कर्तृत्व. दिवाळीआधी पुताई व्हायची. तेव्हा घरात रंगाविषयी एकच प्रश्न असे, चुन्यात नीळ किती टाकायची, आणि तो आजोबा चमच्यानं सोडवत.

मग दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, पटिया उतरल्या, बिल्डर आला, आणि त्याच जागेवर दुसऱ्या मजल्यावर आम्हाला एक फ्लॅट मिळाला. पत्ता तोच, पोस्टमन तोच. फक्त भिंती कोऱ्या. आणि कोरी भिंत दिसली की प्रत्येकाला मत फुटतं.

पहिलं मत बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर आलं. लेक म्हणाली, "बाबा, बॅकस्प्लॅश काय ठरवलाय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचं वय 84. ऐकू कमी येतं, पण खर्चाचा शब्द बरोबर ऐकू येतो. "काय म्हणते ती?"

"अगं आजी, ओट्यामागं उडतं ना सगळं, ती भिंत."

"मग फोडणीची भिंत म्हण की," आई म्हणाली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव फोडणीची भिंत. दुकानात मात्र तिला किचन डॅडो म्हणतात. बिल्डरच्या कागदावर काय म्हणतात ते वाचायला भिंग लागतं.

लेकीला हव्या होत्या सबवे टाइल्स. 3 इंच बाय 6 इंच, लांबट, चकचकीत, शेवाळी रंगाच्या. सबवे का, तर 1904 साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा स्टेशनच्या भिंतींना असल्या टाइल्स लावल्या होत्या. आईला हे समजावून सांगताना मी चूक केली आणि 'स्टेशन' हा शब्द वापरला. आईच्या डोळ्यांपुढे ग्वाल्हेर स्टेशनच्या भिंतींचे कोपरे उभे राहिले. पुढचं काहीही तिनं ऐकलं नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एका चौरस फुटात अशा आठ टाइल्स बसतात, म्हणजे 28 फुटांना 224. बायकोनं तो आकडा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "224 टाइल्सच्या सगळ्या फटी कोण पुसणार? ती बंगळुरूत आहे."

सबवे प्रकरण इथं संपलं, असं मला वाटलं. लेक रुसून दोन दिवस फक्त आजीशी बोलली.

टाइलचं दुकान जयेंद्रगंजातच, घरापासून पायी पाच मिनिटांवर. म्हणून आम्ही तिथं अकरा वेळा गेलो. लांब असतं तर दोनदा गेलो असतो. दुकानदार मोठा धीराचा माणूस. आमच्याकडे बघून तो आधी चहा सांगत असे, मग टाइल काढत असे. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, आणि तिथल्या माणसांची भारतीय स्वयंपाकघराविषयी काहीतरी ठाम समजूत झालेली असावी. प्रत्येक मालिकेत साध्या टाइल्सबरोबर दोन-चार चित्रांच्या टाइल्स येतात, त्यांना हायलाइटर म्हणतात. चित्रं ठरलेली. द्राक्षांचा घड, चेरीची जोडी, लाकडी चमचा, नाहीतर वाफाळता कॉफीचा कप आणि भोवती बिया. कपाखाली इटालियनमध्ये काहीतरी लिहिलेलं.

आईनं ती टाइल हातात घेऊन नीट पाहिली. "हे काय आहे?"

"माताजी, कॉफी है. बहुत चल रही है."

"आमच्याकडे कॉफी पितं कोण? ओट्यावर चहाचं आधण आणि भिंतीवर कॉफी? चहाचा कप नाही का?"

दुकानदार क्षणभर गोंधळला. वीस वर्षांच्या धंद्यात त्याला हे कुणी विचारलं नसावं. "चाय वाला तो आता ही नहीं, माताजी."

"का? मोरबीत चहा पीत नाहीत?"

यावर दुकानदारानं स्वतःच्या हातातल्या चहाकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून त्याचाही त्या टाइलवरचा विश्वास उडाला.

नंतर आम्ही साध्या टाइलकडे वळलो. साधी म्हणजे एकरंगी, 12 बाय 18 इंचाची. एक टाइल दीड चौरस फूट, म्हणजे 19 टाइल्स, तूटफूट धरून 21. पण पेटीत सहा येतात आणि सुटी कुणी देत नाही, म्हणून चार पेट्या, 24 टाइल्स. दुकानदाराचा एकच सल्ला. आत्ताच घ्या, एकाच लॉटच्या घ्या. भट्टी बदलली की तोच नंबर, तेच नाव, आणि रंगात मात्र सावत्र भावाइतका फरक. एवढं सांगून तो म्हणायचा, "भाईसाब, आँख मूँद के ले जाओ." रंग निवडायला आलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगणं हा मला मोठाच विनोद वाटला, पण आमची एकंदर प्रगती पाहता त्याचं चूक नव्हतं.

आईला पांढरी हवी होती. तिचं म्हणणं, घाण दिसली तरच माणूस घासतो. बायकोचं म्हणणं नेमकं उलट. घाण दिसू नये म्हणून तर टाइल लावायची. हे दोन्ही सिद्धांत आमच्या घरात तीस वर्षं शेजारी शेजारी नांदत आलेले आहेत, फक्त आजवर त्यांना भिंत मिळाली नव्हती.

बायको शाळेत रसायन शिकवायची. तिनं वाद घातला नाही. तिनं दुकानातून सात नमुन्याच्या टाइल्स आणल्या, दोन-दोन टाइल्समध्ये फट ठेवून ती पांढऱ्या सिमेंटनं भरली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर तेल, हळद, हिंग, मोहरी अशी साग्रसंगीत फोडणी ओतली. घरात पदार्थ नाही आणि वास मात्र वरणाचा, अशी ती रात्र गेली. सकाळी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. चकचकीत टाइलवरचा डाग निमूटपणे निघाला. मॅट टाइलवर तो नकाशासारखा उरला, कारण मॅट म्हणजे मऊ नव्हे. तिला डोळ्यांना न दिसणारी खरखर असते, आणि तेल त्या खरखरीत जाऊन बसतं. पण खरी गंमत फटीत झाली. सिमेंटातली हळद पिवळी राहिलीच नव्हती, ती लाल झाली होती.

मी घाबरलो. आई म्हणाली, "घाबरतोस काय? कुंकू झालं."

आणि ते खरंच होतं. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, घरोघरी कुंकू असंच होत असे. ताजं पांढरं सिमेंट त्याच जातीचं. म्हणजे पांढऱ्या टाइल्स आणि पांढऱ्या फटी घेतल्या असत्या, तर वर्षभरात आमच्या भिंतीनं कपाळभर मळवट भरला असता. मग बायकोनं उरलेल्या टाइल्स गच्चीवर उन्हात ठेवल्या. संध्याकाळपर्यंत हळद फिकी पडली, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. मी सुचवलं की ओट्याची भिंतच गच्चीवर न्यावी. माझ्या सूचनांची घरात वेगळी नोंद ठेवली जात नाही.

निकाल असा लागला: टाइल चकचकीत, फटी एपॉक्सीच्या. एपॉक्सी महाग, पण ती तेल पीत नाही. मिस्त्री हेच पहिल्या दिवसापासून सांगत होता. तो म्हणाला, "मैडम, हमसे पूछ लेतीं." बायको म्हणाली, पुरावा लागतो.

राहिला रंग. इथं मी धीर करून माझं मत मांडलं. मी म्हणालो, निळी घ्या आणि मध्ये एक ओळ पिवळ्या बदकांची करून घ्या. मानसिंहानं केलं ते वेडेपणानं नव्हे. निळ्यावर हळदीचा थेंब उडाला तर तो डाग दिसत नाही, अजून एक बदक दिसतं. घरात शांतता पसरली. लेकीनं व्हिडिओ कॉल बंद केला. मला अजूनही वाटतं, त्या 41 दिवसांत शास्त्रशुद्ध असं एवढंच काय ते बोललं गेलं.

शेवटी टाइल ठरली ती करडी की हिरवी हे नक्की सांगता येत नाही अशी. दुकानदार तिला ग्रे म्हणाला, बायको ऑलिव्ह म्हणाली, आईनं ती 'शेवाळी' म्हणून मंजूर केली. लेक म्हणाली, शेवाळीच तर मी पहिल्या दिवशी म्हणत होते. म्हणजे 41 दिवसांनी आम्ही जिथून निघालो तिथंच आलो, फक्त फटी कमी झाल्या.

भिंतींच्या रंगांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं भांडण कमी आणि दैव जास्त होतं. पेंटवाल्यानं पंख्यासारखं उघडणारं शेड कार्ड दिलं. हजारावर रंग आणि प्रत्येकाला इंग्रजी नाव. मला त्यातले सहा दिसतात: पांढरा, मळका पांढरा, पिवळा, हिरवा, निळा आणि 'हा नको'. आईनं ते कार्ड बाजूला सारलं, पेटी उघडली आणि साड्या पसरल्या. चंदेरी एके काळी आमच्या संस्थानातच, त्यामुळे पेटीत चंदेरी साड्या बऱ्याच. मोतिया, श्रीखंडी, अबोली, आमसुली, अंजिरी, मोरपंखी. रंग या शब्दांत बोलतात तेव्हा मलाही कळतात. हॉलला मोतिया आणि एका भिंतीला आमसुली असं तिनं दहा मिनिटांत ठरवलं, आणि आम्ही साडीचा पदर घेऊन पेंटच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पदर शेड कार्डावर धरला, मशीनमध्ये नंबर घातला. मशीननं पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग सोडले आणि डबा गदागदा हलवला. नीळ आणि चमचा. फक्त आजोबांच्या जागी मशीन.

दुकानात एका कंपनीचा मोठा फलक होता. ग्रासिमनं 2024 च्या फेब्रुवारीत रंगाचा धंदा सुरू केला, त्याचा. ग्रासिम म्हणजे मूळची ग्वालियर रेयॉन, 1947 ची. म्हणजे आमच्याच गावाचं नाव पोटात घेऊन फिरणारी कंपनी आता आम्हालाच भिंत रंगवायला सांगत होती. माझ्या वडिलांच्या पिढीची अर्धी माणसं बिर्लानगरच्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायची. गिरणी केव्हाच बंद पडली. मी त्या फलकाखाली जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन. दुकानदाराला वाटलं, मला डिस्काउंट हवाय.

पेंटरनं पहिला हात मारला तेव्हा आमसुली भिंत कच्च्या वांग्यासारखी दिसली. मी म्हटलं, हा तो रंग नाही. तो म्हणाला, "सूखने दो, भाईसाब. खुलेगा." सुकल्यावर ती शिजलेल्या वांग्यासारखी दिसली. "दूसरे हाथ में खुलेगा." दुसऱ्या हातानंतर म्हणाला, "परदे लगेंगे तब खुलेगा." माणसाचं भविष्य सांगणारे ज्योतिषी याहून कमी मुदत देतात. पण पडदे लागले आणि खरंच खुलला. पेंटरला हे माहीत होतं की रंगाचा डोळ्यांवर परिणाम व्हायच्या आत डोळ्यांचा रंगावर होतो.

वास्तुशांतीला पुण्याहून आत्या आली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय 79. जन्म जयेंद्रगंजातला, याच जागेवरच्या जुन्या घरातला. पण सदाशिव पेठेत 55 वर्षं काढल्यामुळे आता ती ग्वाल्हेरकडे परक्यासारखी बघते. आल्या आल्या मी म्हणालो, "आत्या, पुताई कशी झाली आहे बघ."

"पुताई काय रे? रंग म्हणावं, रंग. तुमचं मराठी म्हणजे..."

"वन्सं," आई म्हणाली, "1961 साली साहित्य संमेलन ग्वाल्हेरात झालं होतं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या." आमच्या घरात हे वाक्य ढालीसारखं दाराशी टांगलेलं असतं.

मला मात्र बाबर आठवला. बाबर 1528 साली आमचा किल्ला बघायला आला. मानसिंहाला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, त्यामुळे यजमान उत्तर द्यायला हजर नव्हते. बाबरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की इमारती नवलाच्या, पण जड आणि बेडौल. खालचे दोन मजले इतके काळोखे, की मेणबत्त्या घेऊन हिंडावं लागलं. हिरव्या टाइल्सच्या केळींची त्यानं नोंद केली आहे. बदकांबद्दल अवाक्षर नाही. नवं घर बघायला आलेला पाहुणा कसा असतो, याचा इतका जुना लेखी पुरावा दुसऱ्या कुठल्या गावाकडे असेल?

आत्या स्वयंपाकघरात शिरली आणि त्याच क्षणी लाइट गेली. इन्व्हर्टर अजून लागायचा होता. आत्यानं मोबाइलचा टॉर्च लावला. "काळोखं आहे गं स्वयंपाकघर," ती बायकोला म्हणाली. मग टॉर्च ओट्यावर फिरवला. "आणि हा कोपरा काटकोनात नाही." मग पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून तिनं टाइल्स एकेक करून वाजवायला सुरुवात केली. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली झुंबरं टांगण्याआधी छत पेलेल का, हे बघायला गच्चीवर हत्ती चढवले होते, असं आमच्याकडे पोरसुद्धा सांगतं. महाल 1874 चा. आमच्याकडे हत्ती नव्हता, आत्या होती.

"ही पोकळ वाजते."

मिस्त्रीनं मान खाली घातली. ती खरोखरच पोकळ वाजत होती, गॅसच्या डावीकडची तिसरी.

लाइट आली. आत्या टाइलकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या रंगाला काय म्हणता तुम्ही?"

"शेवाळी," आई म्हणाली.

"शेवाळी कसली वहिनी, जुन्या भिंतीचा ऑइल पेंटच आहे हा. दादानं आणला होता तो." आणि तिनं दोन बोटं त्या टाइलवरून फिरवली, छातीच्या उंचीवर. तिथं जुनी रेघ असायची.

त्या भिंतीसमोरची पहिली फोडणी वरणाची. बायकोनं मोहरी टाकली, हळद टाकली, वरण ओतलं. एक थेंब उडाला आणि टाइलवर जाऊन बसला. पिवळा, गोल, एका बाजूला किंचित चोच निघालेली. मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बायकोनं फडकं उचललं आणि बदक पुसलं.

आत्या चार दिवस राहिली, नया बाजारातले बहादुराचे लाडू बांधून घेतले आणि गोवा एक्स्प्रेसनं परत निघाली. निघताना म्हणाली, "ते उरलेले तुकडे आहेत का रे टाइल्सचे?" तुकडे नव्हते. तीन अख्ख्या उरल्या होत्या. एक आईनं गरम पातेली टेकवायला ठेवली होती, एक तुळशीच्या कुंडीखाली गेली होती. तिसरी आत्यानं टॉवेलात गुंडाळून लाडवांच्या डब्याशेजारी ठेवली. "माझ्या ओट्यामागची एक तडकली आहे," ती म्हणाली. तिच्या ओट्यामागच्या टाइल्स गुलाबी आहेत, हे मला ठाऊक होतं.

आठ दिवसांनी फोन आला. "बसवली रे ती. पण इथल्या उजेडात निळी दिसते."

मी म्हटलं, "सुकू दे, आत्या. खुलेल."

"ते राहू दे. त्या वहिनींच्या पातेल्याखालची एक आहे ना, ती पाठवता येईल का?"